कार्बनच्या सातबाऱ्यावर आपलं नाव: आयर्लंडमध्ये उत्सर्जन रजिस्ट्रीचे नवे वापरकर्ते झालात तर

कंपनीत रुजू होऊन चार-सहा महिने होतात आणि एक दिवस साहेब सहज म्हणतात, "ईटीएस रजिस्ट्रीसाठी तुझं नाव देतोय. पासपोर्टची कॉपी, पत्त्याचा पुरावा आणि पोलिसांचा दाखला लागेल." ‘पोलीस’ हा शब्द ऐकला की आपल्या पोटात आधी गोळा येतो. त्यामागून प्रश्न येतात. कारखान्याच्या धुराचा हिशेब ठेवायला माझा पासपोर्ट कशाला? तो कोणाकडे जाणार? नोकरी सोडल्यावर त्याचं काय होणार?

आयर्लंडमध्ये हा प्रसंग बऱ्याच मराठी इंजिनिअरांवर येतो, कारण ज्या कारखान्यांना ही रजिस्ट्री लागू होते त्यांत आपली माणसं आहेत. दूध पावडरचे मोठे प्लांट, कॉर्ककडच्या औषध कंपन्या, सिमेंट, वीजकेंद्रं, आणि डब्लिनभोवतीची डेटा सेंटर्ससुद्धा. डेटा सेंटरमध्ये धूर कुठला, असं वाटेल. पण वीज गेली तर चालवायचे डिझेल जनरेटर तिथे रांगेने उभे असतात. सगळ्यांची मिळून ज्वलनक्षमता २० मेगावॉटच्या वर गेली की युरोपची उत्सर्जन व्यापार योजना म्हणजे ईटीएस लागू होते. तेव्हा आयटीवाल्यांनीही हा लेख बाजूला ठेवू नये.

आधी कोण कोण आहे ते समजून घ्या

रजिस्ट्री म्हणजे कार्बनचा सातबारा. एक अलाउन्स म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड सोडण्याचा हक्क. हे अलाउन्स कागदावर नसतात, फक्त संगणकातल्या खात्यात असतात. आपला सातबारा महसुली नोंद असतो, मालकीसाठी वेगळं खरेदीखत दाखवावं लागतं. इथे तसं नाही. रजिस्ट्रीतली नोंद हाच मालकीचा पुरेसा पुरावा आहे, असं युरोपचा नियम सांगतो. म्हणून खात्यातून अलाउन्स गेले की माल गेला. लक्षात ठेवण्यासारखा नियम एकच: २०१९ चा ११२२ क्रमांकाचा युरोपीय रजिस्ट्री नियम.

ही रजिस्ट्री अख्ख्या युरोपची एकच आहे आणि ती ब्रुसेल्समधलं युरोपीय आयोग चालवतं. पण खाती उघडणं, माणसं तपासणं, कागद मागणं हे काम त्या त्या देशाच्या प्रशासकाचं. आयर्लंडमध्ये हे काम पर्यावरण संरक्षण संस्था म्हणजे ईपीए पाहते. तिचं मुख्यालय वेक्सफर्डच्या जॉन्सटाउन कॅसलमध्ये आहे. कारखान्याला ग्रीनहाउस गॅस परवाना देणारी संस्थाही हीच, त्यामुळे कंपनीची आणि ईपीएची ओळख जुनीच असते. नवे फक्त तुम्ही असता.

तुम्ही होता ते ‘ऑथराइज्ड रिप्रेझेंटेटिव्ह’, म्हणजे कंपनीच्या वतीने खातं हाताळणारा माणूस. असे किमान दोघं लागतात, कारण एकाने व्यवहार मांडायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा. खातं कंपनीचं असतं, पण ओळख मात्र तुमची तपासली जाते. सगळा घोळ इथूनच सुरू होतो. कंपनीची माहिती हा कंपनीचा प्रश्न, पण तुमची जन्मतारीख, घरचा पत्ता, दाखले ही तुमची वैयक्तिक माहिती आहे आणि जीडीपीआरचं, म्हणजे युरोपच्या डेटा संरक्षण कायद्याचं, संरक्षण तिला आहे.

एवढं कडक का, हे कळलं की राग जातो

सुरुवातीच्या काळात प्रत्येक देशाची रजिस्ट्री वेगळी होती आणि काही देशांत खातं उघडणं फार सोपं होतं. त्याचा फायदा नको त्या लोकांनी घेतला. देशाबाहेरून व्हॅट न भरता अलाउन्स घ्यायचे, देशात व्हॅट लावून विकायचे आणि गोळा केलेला व्हॅट सरकारला न देता गायब व्हायचं. या फसवणुकीत युरोपीय सरकारांचं सुमारे ५ अब्ज युरोंचं नुकसान झाल्याचा अंदाज युरोपोल या युरोपच्या पोलीस संस्थेने डिसेंबर २००९ मध्ये दिला.

जानेवारी २०१० मध्ये जर्मन रजिस्ट्रीच्या नावाने खोट्या ईमेल फिरल्या. ‘सुरक्षेसाठी पुन्हा नोंदणी करा’ अशा धर्तीच्या मजकुराला काही कंपन्या भुलल्या आणि सुमारे अडीच लाख अलाउन्स चोरीला गेले. त्याच वर्षाच्या शेवटी होल्सिम या सिमेंट कंपनीच्या रोमानियातल्या खात्यातून १६ लाख अलाउन्स गेले. जानेवारी २०११ मध्ये प्रागमध्ये तर सिनेमाच झाला. बॉम्बची धमकी आली म्हणून रजिस्ट्रीची इमारत रिकामी केली गेली, आणि मग लक्षात आलं की एका कंपनीच्या खात्यातले पावणेपाच लाख अलाउन्स नाहीसे झालेत. १९ जानेवारीला आयोगाने सगळ्या देशांतले व्यवहार थांबवले. २०१२ मध्ये सगळ्या खात्यांची एकच रजिस्ट्री झाली ती या पार्श्वभूमीवर.

तुमच्याकडे मागितलेला प्रत्येक कागद या चोऱ्यांमधून आलेला आहे. बँकेत केवायसी करताना आपण कुरकुरतो तशीच इथेही कुरकुर करावी, पण कागद द्यावेत.

पहिली पायरी: संमतीच्या गैरसमजातून बाहेर पडा

नवखा माणूस धरून चालतो की मी संमती दिली म्हणून माझी माहिती घेतली, आणि मी संमती मागे घेतली की ती पुसतील. ईपीए तुमची माहिती संमतीवर घेत नाही. कायद्याने टाकलेलं बंधन आणि सार्वजनिक कर्तव्य या आधारांवर घेते. जीडीपीआरच्या सहाव्या कलमात हे दोन्ही आधार आहेत. त्यामुळे ‘माझं नाव काढून टाका, मला नको’ असं म्हणून जुनी नोंद जात नाही. प्रतिनिधी व्हायला तुम्ही नकार देऊ शकता, पण तो नकार कंपनीला द्यायचा, आणि अर्ज जाण्याआधी.

याचा अर्थ तुमचे हक्क संपले असा नाही. कोणते हक्क चालतात ते पुढे येईलच. आधी अर्ज करण्यापूर्वी ईपीएची गोपनीयता सूचना वाचा. ती देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. वाचताना चार गोष्टी शोधा: माहिती कशासाठी घेतात, कोणाला देतात, किती काळ ठेवतात, आणि डेटा संरक्षण अधिकाऱ्याशी संपर्क कसा करायचा. प्रत्येक सरकारी संस्थेला असा अधिकारी नेमावाच लागतो.

दुसरी पायरी: कागद, आणि आपल्या नावांची भानगड

मुख्य कागद तीन: ओळखीचा पुरावा, कायम राहण्याच्या पत्त्याचा पुरावा, आणि गुन्हेगारी नोंदीचा दाखला. प्रती नुसत्या झेरॉक्स चालत नाहीत. नोटरीने किंवा ईपीएला मान्य असलेल्या अधिकृत व्यक्तीने ‘मूळ प्रतीशी जुळते’ असं प्रमाणित करावं लागतं, आणि ते प्रमाणन अर्जाच्या दिवशी तीन महिन्यांपेक्षा जुनं असू नये. आपल्याकडे कोर्टाबाहेर झाडाखाली बसलेला नोटरी दोन मिनिटांत शिक्का मारून देतो. इथे अपॉइंटमेंट घ्यावी लागते आणि बिलही मोठं येतं. ते कंपनीकडून घ्या, लाजू नका. काम कंपनीचं आहे.

आता खरी अडचण. पासपोर्टवर आपलं नाव तीन पदरी असतं: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. विजेच्या बिलावर येतं फक्त पहिलं नाव आणि आडनाव. कंपनीच्या एचआरच्या नोंदीत तिसराच प्रकार. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईंच्या पासपोर्टवर माहेरचं आणि बँकेत सासरचं, किंवा उलट. आपल्याला हे रोजचं आहे, पण तपासणाऱ्या आयरिश कारकुनाला ती दोन वेगळी माणसं वाटू शकतात. म्हणून अर्जात नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर तसंच लिहा. पत्त्याच्या पुराव्यावरचं नाव जुळत नसेल तर अर्ज टाकण्याआधी बँकेत किंवा वीज कंपनीत ते दुरुस्त करून घ्या. अर्ज परत आल्यावर तेच करायचं, तर प्रमाणनाचे तीन महिने उलटलेले असतात आणि नोटरीचं बिल दुसऱ्यांदा भरावं लागतं.

पत्त्याचीही गंमत आहे. भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर पत्ता असतो, म्हणून लोक तेही पान जोडतात. तो पत्ता वाईचा किंवा मिरजेचा असतो आणि तुम्ही राहता स्वोर्ड्सला. रजिस्ट्रीला तुम्ही खरोखर राहता तो पत्ता हवा. शिवाय त्या पानावर आई-वडिलांची आणि जोडीदाराची नावं असतात. कोणी मागितली नसतील तर ती कशाला द्यायची? फोटोचं पान पुरेसं असेल तर तेवढंच द्या. भाड्याच्या घरात चौघं राहत असाल आणि सगळी बिलं घरमालकाच्या नावावर असतील, तर बँकेचं स्टेटमेंट किंवा महसूल खात्याचं पत्र चालेल का, हे आधी लेखी विचारा. स्टेटमेंट देणार असाल तर व्यवहारांच्या ओळी झाकून चालतील का, हेही त्याच पत्रात विचारून टाका. तुम्ही कुठल्या दुकानात किती खर्च केला हे पर्यावरण संस्थेला कळायची गरज नाही.

आधार कार्ड देऊ नका. पॅनही नको. तिथे त्यांचा उपयोग नाही, आणि एकदा गेलेला आधार क्रमांक परत घेता येत नाही. आपल्याला सवयच असते, कोणी ओळखपत्र म्हटलं की आधार पुढे करायची.

पोलीस दाखल्याबद्दल: कोणत्या देशाचा आणि किती काळाचा हवा, हे ईपीएला अर्जाआधीच विचारा. भारतातला लागला तर परदेशात राहणाऱ्यांना तो भारतीय दूतावासामार्फत मिळतो. देशाबाहेरच्या कागदाला अपॉस्टिल, म्हणजे एका आंतरराष्ट्रीय कराराखाली दुसऱ्या देशातही चालणारा शिक्का, लागू शकतं. भारत २००५ पासून त्या करारात आहे, त्यामुळे शिक्क्यांची साखळी पूर्वीइतकी लांब राहिलेली नाही. गुन्हेगारी नोंदींची माहिती जीडीपीआरच्या दहाव्या कलमाखाली वेगळी धरली जाते आणि ती फक्त कायद्याच्या आधारावर किंवा सरकारी नियंत्रणाखालीच हाताळता येते. म्हणून हा दाखला कंपनीच्या एचआर फोल्डरमध्ये ‘असू दे एक कॉपी’ म्हणून राहता कामा नये. रजिस्ट्रीला तो मागण्याचा हक्क आहे, तुमच्या विभागप्रमुखाला तो आपोआप मिळत नाही.

तिसरी पायरी: कागद पाठवायचे कसे

माहिती बहुतेक वेळा ईपीएकडून गळत नाही, ती तिथे पोहोचण्याआधीच गळते. मी स्वतः एका जुन्या नोकरीत हे भोगलंय. पासपोर्टची प्रत ज्या ईमेलवर मागितली तो पत्ता सोळा जणांचा सामाईक निघाला, आणि त्यातले दोघं कंपनीचे नव्हतेच, बाहेरचे सल्लागार होते. नंतर मेल ‘डिलीट’ करायला सांगितली. सोळा ठिकाणी ती खरंच पुसली गेली की नाही, देव जाणे.

तेव्हापासून माझा नियम असा: कागद थेट ईपीएकडे, त्यांनी अर्जाच्या सूचनांत सांगितलेल्या मार्गानेच. मध्ये सल्लागार असेल तर तो प्रती कुठे ठेवतो आणि कधी नष्ट करतो, हे कंपनीकडून लेखी घ्यायचं. आणि एका वहीत टिपून ठेवायचं की कोणता कागद, कोणाला, कोणत्या तारखेला दिला. पुढे माहिती मागवायची वेळ आली तर ही वही सोन्यासारखी उपयोगी पडते.

चौथी पायरी: लॉगइन

रजिस्ट्रीत जायला आधी ‘ईयू लॉगइन’ लागतं. ते आयोगाचं सामाईक प्रवेशद्वार आहे, आणि मोबाइलवरचा दुसरा टप्पा त्याला जोडावा लागतो. मग तुम्हाला यूआरआयडी, म्हणजे रजिस्ट्रीतला तुमचा ओळख क्रमांक मिळतो, तपासणी होते, आणि नोंदणीची किल्ली म्हणजे एक कोड येतो. तो टाकला की तुम्ही आत.

शक्यतो कामाचा ईमेल वापरा, तुमच्या नावाचा, सामाईक नको. मोबाइल क्रमांक मात्र असा द्या जो उद्या बदलणार नाही. पासवर्ड आणि मोबाइलवरचा कोड कोणालाच द्यायचा नाही, साहेबांनाही नाही. "मी सुट्टीवर आहे, तूच माझ्या नावाने मंजूर कर" हे वाक्य ऐकलं की थांबा. दोन माणसांचा नियम त्या क्षणी मोडतो, आणि नोंदीत नाव राहतं ते ज्याचं लॉगइन त्याचं. कोणी मांडलं, कोणी मंजूर केलं, कधी केलं, हे सगळं रजिस्ट्री साठवते. ही साठवणसुद्धा तुमची वैयक्तिक माहितीच आहे, आणि संकटात तोच तुमचा साक्षीदार असतो.

‘रजिस्ट्रीकडून’ आलेल्या ईमेलमधली लिंक दाबू नका. पत्ता स्वतः टाइप करा. २०१० च्या चोरीत लोकांनी नेमकी लिंकच दाबली होती.

पाचवी पायरी: कोणाला काय दिसतं ते पाहून ठेवा

लोकांसाठी खुल्या असलेल्या पानावर खातेदार कंपनीचं नाव, कारखाना आणि त्याचं तपासलेलं उत्सर्जन दिसतं. ते दिसायलाच हवं, नाहीतर योजनेवर कोणी विश्वास ठेवणार नाही. खात्यांमधले व्यवहारही उघड होतात, पण तीन वर्षांनी. तोपर्यंत शिल्लक आणि व्यवहार गोपनीय मानले जातात. तुमची जन्मतारीख, पासपोर्ट, घरचा पत्ता हे त्या पानावर येत नाही. एकदा स्वतः जाऊन तुमच्या कंपनीची नोंद बघा, म्हणजे खात्री पटेल.

पडद्याआड मात्र बघणारे आहेत. युरोपोलला रजिस्ट्रीची माहिती वाचण्याचा कायमचा अधिकार आहे. तपास यंत्रणा, करखातं, बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या संस्था कायद्याने ठरलेल्या कारणांसाठी माहिती मागू शकतात. कोणी पत्रकाराने किंवा शेजारच्या गावकऱ्याने माहितीच्या अधिकारात ईपीएकडे अर्ज केला तर? आयर्लंडमध्ये २०१४ चा माहिती स्वातंत्र्य कायदा आहे, आणि पर्यावरणाच्या माहितीसाठी वेगळे नियम आहेत. कारखान्याने किती धूर सोडला, हे त्यांना मिळायलाच हवं. तुम्ही कुठे राहता ही वैयक्तिक माहिती, तिला वेगळं संरक्षण आहे.

सहावी पायरी: माहिती ताजी ठेवणं

इथे लोक सर्वांत जास्त चुकतात, कारण कोणी आठवण करून देत नाही. पत्ता, फोन, ईमेल बदलला की कंपनीने दहा कामकाजाच्या दिवसांत ईपीएला कळवायचं असतं. डब्लिनमधलं घरभाडं पाहता आपली माणसं वर्षाला घर बदलतात, आणि रजिस्ट्री कोणाच्या डोक्यातच नसते. कळवलं नाही तर खात्याचा प्रवेश थांबवला जाऊ शकतो. तो थांबतो नेमका सप्टेंबरात, आणि ३० सप्टेंबर ही आदल्या वर्षी सोडलेल्या कार्बनइतके अलाउन्स परत करण्याची शेवटची तारीख असते. ती चुकली तर टनामागे १०० युरो दंड, आणि तो महागाईनुसार वाढत गेलेला आहे. घर बदललं की बँक, महसूल खातं आणि रजिस्ट्री, तिन्ही एकाच संध्याकाळी उरकून टाका.

सातवी पायरी: हक्क वापरायचे कसे

सर्वांत उपयोगी हक्क म्हणजे पंधराव्या कलमाखाली स्वतःच्या माहितीची प्रत मागणं. फी नाही, वकील नाही, ठरावीक फॉर्मही लागत नाही. ईपीएच्या डेटा संरक्षण अधिकाऱ्याला साधं पत्र लिहा: "रजिस्ट्रीच्या संदर्भात माझ्याबद्दल तुमच्याकडे असलेल्या सगळ्या माहितीची प्रत द्यावी. ती कोणाला दिली आणि किती काळ ठेवणार, हेही कळवावं." सोबत यूआरआयडी लिहा. महिनाभरात उत्तर यायला हवं. प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर आणखी दोन महिने वाढवून घेता येतात, पण तसं पहिल्याच महिन्यात कळवावं लागतं.

चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क पूर्ण चालतो. नावाच्या भानगडीत तोच वापरायचा. पुसण्याचा हक्क मात्र इथे अडतो, कारण कायद्यानेच ठेवायला लावलेली माहिती पुसता येत नाही. माहिती फुटली आणि धोका असेल तर संस्थेला ७२ तासांत डेटा संरक्षण आयोगाला कळवावं लागतं, आणि तुम्हाला मोठा धोका असेल तर तुम्हालाही.

उत्तर आलंच नाही किंवा पटलं नाही, तर डब्लिनच्या डेटा संरक्षण आयोगाकडे तक्रार करता येते. तक्रार ब्रुसेल्सच्या बाजूबद्दल असेल, म्हणजे युरोपीय आयोगाच्या यंत्रणेबद्दल, तर दरवाजा वेगळा आहे: युरोपीय डेटा संरक्षण पर्यवेक्षक. चुकीच्या दारात गेलात तर वेळ जातो, म्हणून आधी घटना कुठे घडली ते ठरवा.

मुंबईतून काम करणाऱ्यांसाठी दोन ओळी. २०२४ पासून ५,००० ग्रॉस टनेजवरच्या मोठ्या जहाजांनाही ही योजना लागू झाली आहे, त्यामुळे युरोपच्या बंदरांत जहाजं पाठवणाऱ्या कंपन्यांना रजिस्ट्रीत खातं लागतं. तुम्ही अंधेरीत बसून प्रतिनिधी झालात तरी जीडीपीआरचे हक्क तुम्हाला आहेत. ते नागरिकत्वावर किंवा राहण्याच्या जागेवर ठरत नाहीत, माहिती हाताळणारी संस्था युरोपात आहे यावर ठरतात. आयर्लंडऐवजी दुसरा देश तुमचा प्रशासक असेल तर कागदांची यादी त्या देशाकडून घ्या. भारताच्या स्वतःच्या कार्बन क्रेडिट योजनेची रजिस्ट्री ग्रिड कंट्रोलर ऑफ इंडियाकडे आहे, आणि तिथे २०२३ चा आपला डेटा संरक्षण कायदा पाहायचा. दोन्हींची सरमिसळ करू नका.

आठवी पायरी: नोकरी सोडताना

लॅपटॉप आणि ओळखपत्र परत घ्यायला एचआर विसरत नाही, पण रजिस्ट्रीतून नाव काढायला हमखास विसरतं. राजीनाम्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात कंपनीला लेखी कळवा की मला प्रतिनिधी म्हणून काढावं. काढल्याची तारीख ईपीएकडून मागून घ्या. तुमची वैयक्तिक माहिती नोंदींमधून काढण्याची मुदत पाच वर्षांची आहे, आणि ती खातं बंद झाल्यापासून किंवा तुमचा संबंध संपल्यापासून मोजतात. गुन्ह्याचा तपास, करतपासणी, मनी लाँडरिंग अशा ठरावीक कारणांसाठी आयोगाचा मध्यवर्ती प्रशासक ती आणखी पाच वर्षं ठेवू शकतो, पण तेव्हा इतर कोणाला ती दिसत नाही.

कामाचा ईमेल बंद होण्याआधी ईयू लॉगइनवरचा पत्ता आणि फोन तपासा. कंपनीकडे राहिलेल्या पासपोर्टच्या प्रती आणि पोलीस दाखला नष्ट केल्याचं पत्र मागा. आणि काढल्याच्या तारखेचं ईपीएचं उत्तर छापून शेवटच्या पगाराच्या पावतीच्या फायलीत लावून ठेवा.